विड्याच्या पानावरचे चार सेल

माणसाच्या ज्ञानाच्या वाटचालीत काही क्षण असे येतात की त्यानंतर जग पूर्वीसारखं राहत नाही. भूमच्या बाहेर, माळावरच्या कॉलेजात, संगणकशास्त्र विभागाच्या खोलीत, श्रावणातल्या एका दुपारी असा एक क्षण आला. तळहाताहून थोड्या मोठ्या कॅल्क्युलेटरवर एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली.

जग पूर्वीसारखंच राहिलं. खोलीत त्या वेळी दोनच माणसं होती. एक विरेश, ज्यानं हे घडवलं होतं, आणि दुसरे शिपाई बलभीममामा, जे स्टुलावर चढून पंख्याचं पातं पुसत होते. वीज गेलेली असल्यामुळं पंखा पुसायला ही वेळ बरी होती.

"मामा, चालू झालं," विरेश म्हणाला.

मामांनी झटक्यात हात मागं घेतला. "लाइट आली?"

"लाइट न्हाय. हे."

मामा उतरले. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक चिमुकला पेंग्विन बसला होता आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांच्या ओळी सरसर वर पळत होत्या. मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

"बदक हाय का?"

"पेंग्विन. त्या सिस्टिमचं चिन्ह आहे. लिनक्स म्हणतात तिला."

"आन् हे वर पळतंय ते?"

"सिस्टिम उठतीय. एकेक भाग जागा होतोय."

"मंग टीव्ही लागतो का ह्याच्यावर?"

"न्हाय."

"मोबाईलवर लागतो," मामा म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढले. ह्यात टोमणा नव्हता. ते माहिती देत होते.

विरेशनं थोडा वेळ वाट पाहिली, आनंदाची. फलकावर एसटीची वेळ लिहिलेली असते, चौकशीच्या खिडकीतला माणूस 'येईल की' म्हणतो, आणि एसटी काही येत नाही. तरी माणूस स्टँडवरून हलत नाही, तसा तो बसून राहिला. मग त्यानं कॅल्क्युलेटरची बारीक बटणं दाबून सिस्टिमला तारीख विचारली. तिनं सांगितलं, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. बाहेरून कुणी तारीख सांगितली नाही की ही सिस्टिम त्या दिवसापासूनच मोजायला लागते.

मग त्यानं विचारलं, मी कोण? असं विचारायचीही एक आज्ञा असते. उत्तर आलं: रूट. म्हणजे ह्या यंत्राचा सर्वाधिकारी, ज्याला काहीही करायची मुभा आहे आणि ज्याला कुणी काढून टाकू शकत नाही. विरेश अठरा वर्षं ह्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. दर वर्षी त्याला नवी ऑर्डर मिळायची आणि दर उन्हाळ्यात ती संपायची. त्यानं ते उत्तर दोनदा वाचलं आणि रुमालानं पडदा पुसला.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगायला हवं.

विभागात दहा संगणक होते. होते म्हणजे अजूनही आहेत. दोन वर्षांमागं कॉलेजच्या डीपीवर न्यूट्रल तुटला, विजेचा दाब एकदम चढला आणि दहाच्या दहा एका दमात जळाले. धूर थोडाच आला, वास मात्र आठवडाभर राहिला. नव्या संगणकांचा प्रस्ताव संस्थेकडं गेला आणि तिथं सुखरूप होता. तेव्हापासून विरेश कॉम्प्युटर फळ्यावर शिकवत होता. फळ्यावर माउस काढायचा, शेपटीसकट, आणि 'इथं क्लिक केल्यावर' असं म्हणून खडूनं टिचकी मारायची. मुलं वहीत माउस उतरवून घ्यायची. परीक्षेत एकीनं माउसची आकृती काढून भागांना नावं दिली होती. तिला विरेशनं पूर्ण गुण दिले, कारण नावं बरोबर होती.

दसऱ्याच्या सुमाराला विद्यापीठाची समिती येणार होती. हा विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार होती. अट सोपी होती. विभागाच्या मालकीचा निदान एक संगणक, संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमसह, चालू स्थितीत असावा. विभाग बंद म्हणजे विरेश बंद. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला दुसरं कॉलेज घेणार नव्हतं, आणि गावाकडची, अणदूरची जमीन भावांमध्ये वाटून इतकी अरुंद झाली होती की बैल वळवायला दुसऱ्याच्या रानात जावं लागे.

पूर्वी अशा वेळी संगणक मागून आणायचा रिवाज होता. पण एका वर्षी समितीला एकच संगणक तीन कॉलेजांत भेटला. तिसऱ्या ठिकाणी एका सदस्यानं त्याला फुटक्या कोपऱ्यावरून ओळखलं आणि "आमच्या आधी पोचलात होय?" असं विचारलं. तेव्हापासून यंत्रावर कॉलेजचं नाव ऑइलपेंटनं घातलेलं असावं आणि रंग जुना असावा, अशी सूचना निघाली.

कॅल्क्युलेटरवरचा रंग जुना होता. अमेरिकेत स्थिरावलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं तो गणित विभागासाठी भेट पाठवला होता. आलेख काढणारा, मोठ्या पडद्याचा, भारीतला. कॉलेजात गणित विभाग नव्हता म्हणून तो संगणक विभागात आला. तो आला त्याच दिवशी मामांनी त्याच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं कॉलेजचं नाव घातलं. नाव लांब असल्यानं अर्धं सेलच्या झाकणावर गेलं, त्यामुळं झाकण उघडलं की कॉलेज मधोमध तुटायचं.

ही कल्पना विरेशनं प्राचार्य इंद्रजित सरांपुढं मांडली, तेव्हा सर वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचत होते.

"म्हणजे कॅल्क्युलेटर म्हणजेच संगणक?" सरांनी विचारलं.

"आतून तोच असतो, सर. प्रोसेसर असतो, मेमरी असते. कंपनीनं त्याला नुसती गणितं करायला बसवलेलं असतं. त्याच्यावर सिस्टिम चालवली की तो नियमात बसतो."

"नियमात आकार दिलाय का?"

"न्हाय."

"मग बसवा की राव." सरांनी पेपर खाली ठेवला. "आणि न्हाय बसला तर?"

"तर विभाग बंद."

"अरेरे," सर मनापासून म्हणाले. "तुमचं लई वाईट वाटंल आम्हाला. शाल कॉलेजतर्फे देऊ. नारळाचं स्टाफनं बघावं."

त्यानंतर विरेश रोज तास संपला की खोलीत बसायचा. लाइट असो नसो, कॅल्क्युलेटर रिमोटच्या चार बारीक सेलांवर चालायचा. जिल्ह्यात सलग चालणारं ते एकमेव यंत्र असावं. अडचण वेगळीच होती. सिस्टिम भरायला बाहेरचा संगणक लागे, आणि तो स्टँडजवळच्या युवराजच्या सेंटरवर होता, जिथं लोक पीकविम्याचे फॉर्म भरायला आणि अंगठे द्यायला येतात. तिथं केबल लावून सिस्टिम कॅल्क्युलेटरच्या कच्च्या मेमरीत भरायची. मग ती सुरू करायची. तीनदा सुरू केली तर एकदा उठायची. आणि एकदा उठली की तिला झोपू द्यायचं नाही. ह्या कॅल्क्युलेटरला अशी खोड होती की पाच मिनिटं कुणी बटण दाबलं नाही तर सेल वाचवायला तो आपोआप बंद व्हायचा. बंद झाला किंवा सेल निघाले की आत भरलेलं सगळं पुसलं जायचं. मग पुन्हा युवराज, पुन्हा केबल.

एकदा सेंटरवर केबल लावून तो असा बसला होता, तर रांगेतून एक म्हातारी सरळ त्याच्यापाशी आली. दगडाबाई तिचं नाव. आधी युवराजनं हाक मारली होती म्हणून कळलं. तिनं पदराला अंगठा पुसला आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर दाबून धरला.

"आजी, हे थंब मशीन न्हाय," विरेश म्हणाला.

"ऱ्हाऊ दे की बाबा. तिकडच्या मशीनवर उठत न्हाय माजा ठसा. चार महिनं झालं. रेषाच ऱ्हायल्या न्हायत म्हनं." ती अंगठा काढेना. "ते मशीन म्हनतंय म्या न्हायच. हे काय म्हनतंय?"

विरेशनं पडद्याकडं पाहिलं. अंगठ्याच्या भोवतीनं ओळी वर चढत होत्या.

"हे काहीच म्हणत न्हाय," तो म्हणाला.

"मंग ते बरं," दगडाबाई म्हणाली आणि रांगेत परत गेली. तिची जागा गेली होती. ती शेवटी उभी राहिली.

घरी विरेशची बायको अयोध्या पिठाची गिरणी चालवायची. घराच्या पुढच्या खोलीतच गिरणी होती. घर खरं तर त्या गिरणीवरच चालायचं. विरेशची नोकरी ही घराची प्रतिष्ठा होती. तो पायरीवर बसून कॅल्क्युलेटरची बटणं दाबायचा आणि पीठ उडून बटणांच्या फटीत बसायचं. देवीची निद्रा सुरू झाली त्या आठवड्यात, नवरात्राच्या आधी, एका बाईची ज्वारी दळता दळता अयोध्या म्हणाली, "अहो, तुळजापूरची आई आठ दिवस पलंगावर झोपती. आणि तुमच्या यंत्राला पाच मिनिटं डोळा लावायची सोय न्हाय?"

"झोपलं की सगळं विसरतं ते."

"बरं हाय की मग. माझ्याकडं द्या, मी झोपवते."

ज्वारीवाली बाई हसली. विरेशही हसला असावा. निदान तसा त्याला भास झाला.

"अन् खंडेनवमीला काय करणार?" अयोध्येनं विचारलं. "आदल्या रात्री मी गिरणीचा पट्टा उतरवते. सकाळी धुऊन पुसून हळदीकुंकू, झेंडूचा हार. त्या दिवशी दाणा पडत न्हाय जात्यात. तुमचं यंत्र पण ठेवा पूजेत."

"त्याच दिवशी समिती आहे. ते चालू पाहिजे."

गिरणी चालू होती तरी अयोध्येनं हात थांबवला. "खंडेनवमीला? सुट्टी सोडून?"

कारण पत्रात नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. समितीला त्या दिवशी तुळजापूरला दर्शन घ्यायचं होतं, आणि भूम वाटेवर नसलं तरी सरकारी गाडीची वाट ज्याची त्याला ठरवता येते.

"मग तुमचं ते हत्यार न्हायच म्हणायचं," अयोध्या म्हणाली. "हत्यार त्या दिवशी विसावतं."

खंडेनवमीला युवराजनं पहाटेच सेंटर उघडलं, फक्त विरेशसाठी. "सर, लवकर उरका," तो म्हणाला. "प्रिंटर, स्कॅनर, सगळं धुवायचंय. पूजा झाली की शटर खाली, ते दसरा झाल्यावर वर. मग माझा बाप आला तरी मी मशीन लावणार न्हाय."

पहिल्यांदा सिस्टिम उठली नाही. दुसऱ्यांदा पेंग्विन आला आणि तिथंच थिजला. तिसऱ्यांदा ओळी वर पळाल्या, थांबल्या, पुन्हा पळाल्या, आणि शेवटी ती लुकलुकणारी खूण आली, तिच्यापुढं माणसानं काहीतरी लिहावं म्हणून. युवराजनं लगेच केबल काढून घेतली आणि तिला कुंकवाचं बोट लावलं.

कॉलेजपर्यंत कॅल्क्युलेटर जागा न्यायचा होता. मोटारसायकलवर विरेश पुढं, आणि मागं अयोध्या, नवी साडी नेसलेली, दोन्ही हातांत कॅल्क्युलेटर धरून. थोड्या थोड्या वेळानं ती बाणाचं बटण दाबायची.

"जागं हाय," ती सांगायची.

"बरं."

"जागं हाय."

रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, धुतलेले, उसाची धाटं बांधलेले, कपाळावर हळद लावलेले. सगळे पूजेला लावायला चालले होते, म्हणजे तेवढे चालून मग थांबणार होते.

"अहो," अयोध्या मधेच म्हणाली, "हे पास झालं तर तुमची नोकरी ऱ्हाती ना?"

"ऱ्हाती."

"किती दिवस?"

"उन्हाळ्यापर्यंत."

तिनं बटण दाबलं. "जागं हाय," ती म्हणाली.

खोलीत मामांनी पहाटेपासून राबून सगळं सजवलं होतं. दहाही जळके संगणक ओल्या फडक्यानं पुसून, वर झेंडूचे हार. दारात रांगोळी. मधल्या टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा, त्यावर कॉलेजची घंटा, स्टेपलर, पंच मशीन, गवत कापायची कात्री आणि मामांची सायकल दुरुस्तीची पान्ह्यांची पिशवी. विरेशनं कॅल्क्युलेटर बाजूच्या बाकावर ठेवला. अयोध्येला घरच्या पूजेला परत जायचं होतं, ती गेली.

इतक्यात इंद्रजित सरांची हाक आली. समिती पोचत होती, आणि गाडीतल्या माणसांना हार घालायला सरांना उंच माणूस पाहिजे होता.

"मामा," विरेश म्हणाला, "तुमच्यावर सोपवतो. हे बाणाचं बटण. थोड्या थोड्या वेळानं दाबायचं. झोपू द्यायचं न्हाय. हे झोपलं तर माझी नोकरी गेली."

"काळजी करू नका, सर. म्या हाय की." मामांनी स्टूल ओढून बाकापाशी मांडलं, धोतराचा सोगा सावरला आणि बटणावर बोट ठेवून बसले. इतक्या एकाग्रतेनं विरेशनं कुठल्याही विद्यार्थ्याला ह्या खोलीत बसलेलं पाहिलं नव्हतं.

गाडी आली. बॉनेटवर हार, समोरच्या काचेमागं लिंबू-मिरची. आतून अध्यक्ष चंद्रप्रभा मॅडम उतरल्या आणि दोन सदस्य. हार झाले, शाली झाल्या, चहा झाला. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. "दर्शनाचा पास दुपारचा आहे," त्या म्हणाल्या. "विभाग बघू आणि निघू."

"एकच मिनिट, मॅडम," सर म्हणाले आणि विरेशच्या कानाशी येऊन कुजबुजले, "मामांना निरोप धाडलाय. पूजा मांडून दिवा लावून ठेवा म्हटलं. समिती दारात आली की आरतीच चालू पाहिजे. कसं?"

विरेश पायऱ्या चढला. नंतर त्याला आठवलं की त्या वेळी पळावं असंही त्याला वाटलं नव्हतं.

खोलीत धूप दाटला होता. मधल्या टेबलावर, घंटा आणि कात्रीच्या मधोमध, मानाच्या जागी कॅल्क्युलेटर होता. त्याच्या काळ्या पडद्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. पाठीचं झाकण निघालं होतं. झाकणावर कॉलेजचं अर्धं नाव होतं, उरलेलं अर्धं टेबलाच्या बाजूला दडलं होतं. शेजारी विड्याचं पान, पानावर सुपारी, आणि सुपारीभोवती मांडलेले चार बारीक सेल. प्रत्येक सेलवर कुंकू.

मामा हात जोडून उभे होते.

"मामा," विरेश म्हणाला.

"शेवटच्या घटकेपर्यंत दाबत हुतो, सर. डोळ्याला डोळा लागू दिला न्हाय त्येच्या." मामांच्या आवाजात समाधान होतं. "मंग सरांचा निरोप आला पूजेचा. आता चालू हत्याराची पूजा कशी करावी? दोष लागतो. पट्टा उतरवतो तसं सेल उतरवलं. टाकलं न्हाईत. पानावर ठिवलं."

विरेशनं मान हलवली. पुन्हा युवराजकडं जाता आलं असतं, पण युवराजचं शटर खाली होतं. आणि तोवर चंद्रप्रभा मॅडम दारात आल्याच होत्या.

धुपाचा वास आल्याबरोबर मॅडमनी चपला काढल्या. मग दोन्ही सदस्यांनी बूट काढले. त्यातल्या एकाचा मोजा फाटका होता. तो शेवटपर्यंत एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा राहिला. इंद्रजित सरांनी टेबलाकडं पाहिलं, चार सेल पाहिले आणि त्यांचा चेहरा निरोप समारंभाच्या भाषणासारखा गंभीर झाला. पण तीस वर्षांची सवय होती. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "मॅडम, संगणक चालू करून दाखवायचे का?"

मॅडमनी त्यांच्याकडं असं पाहिलं की सर एक पाऊल मागं सरकले.

"सर, तुम्ही प्राचार्य आहात. खंडेनवमीला मांडलेल्या हत्याराला हात लावतात होय? आमच्या घरी आज भाजी चिरत नाहीत."

"न्हाय, न्हाय, तसं न्हाय," सर म्हणाले. "आपलं विचारलं."

"कुठून सुचतं तुम्हाला!"

विरेशनं खिडकीतून खाली पाहिलं. समितीची गाडी हार घालून, निघायला तयार उभी होती. तिला बहुधा सूट होती.

आरती झाली. मामांनी म्हटली, मॅडमनी साथ दिली. मग फाटक्या मोज्याच्या सदस्यानं फाइल उघडली आणि हार घातलेले संगणक बोटानं मोजले. "दहा," तो म्हणाला.

"दहा," इंद्रजित सर म्हणाले.

"चालू स्थितीत?"

सरांनी विरेशकडं पाहिलं. सदस्यानंही पाहिलं, कारण विभागाचा माणूस तो होता. विरेशला कळत होतं की आता काहीतरी म्हणायचं असतं. अठरा वर्षांत साठलेलं काही आत असेल तर ते ह्या वेळी वर येईल, असंही त्याला वाटलं. त्यानं वाट पाहिली. काही उठलं नाही.

"बंद वस्तूची कुणी अशी पूजा करतं का?" त्याच्या वतीनं मॅडमच म्हणाल्या. "लिहा, दहा." मग त्यांनी मधल्या टेबलाकडं बोट केलं. "आणि हे काय?"

"मॅडम, हाच तर!" सरांना एकदम वाचा फुटली. "हा आमचा सगळ्यात लहान संगणक! विरेश सरांनी श्रावणापासून खपून… संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम ह्याच्यावर… सांगा की, सर!"

मॅडम वाकल्या. चष्मा सावरून त्यांनी कुंकवाखालची बटणं पाहिली. अधिक, वजा, गुणिले.

"कॅल्क्युलेटर आहे ना हा?" त्यांनी विरेशला विचारलं.

"हो," विरेश म्हणाला. "सध्या तरी."

"मग कॅल्क्युलेटर, एक," मॅडम म्हणाल्या. सदस्यानं लिहिलं. मामांनी सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि समिती चपला घालून तुळजापूरला गेली.

इंद्रजित सरांनी विरेशला मिठी मारली. त्यांच्या अंगाला अष्टगंधाचा वास येत होता. "दहा!" ते म्हणाले. "आपल्याला एक पुरत होता, राव! तुम्ही उगाच त्या डबड्याच्या मागं लागला. मी तुम्हाला तेव्हाच म्हणणार होतो."

मामा तेवढ्यात जवळ आले. "सर, झोपलं म्हनून काय झालं न्हाय ना?"

"काही झालं न्हाय, मामा."

"मला वाटलंच. देवाच्या कामात कशाला वाईट हुईल?"

घरी अयोध्येनं गिरणीची पूजा उरकली होती. उतरवलेला पट्टा खुंटीला टांगून त्याला फूल खोवलं होतं. गिरणी बंद असल्यामुळं घरात फार शांत होतं आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला.

"पास झालं का?"

"झालं."

"ते जागं होतं का?"

"न्हाय."

तिनं थोडा विचार केला. "मग कसं पास झालं?"

"झोपलेल्यालाच पास केलं," विरेश म्हणाला. "सगळ्यांना."

"मग हसा की जरा. सणाचा दिवस हाय." तिनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो त्यानं खाल्ला. गोड होता.

दिवाळीनंतर विद्यापीठाचं पत्र आलं. विभागात दहा संगणक चालू असल्यानं मान्यता पाच वर्षांसाठी वाढवली होती. दहा चालू असताना नव्यांची गरज काय, असं म्हणून संस्थेनं जुना प्रस्ताव निकाली काढला. विरेशची ऑर्डर निघाली, उन्हाळ्यापर्यंतची. फळ्यावरचा माउस पुसट झाला होता. तो त्यानं पुन्हा काढला.

कॅल्क्युलेटरमध्ये मामांनी सेल परत बसवले होते. विरेशनं तो एकदा चालू करून पाहिला. पेंग्विन आला नाही. तारीख नाही, रूट नाही, काही नाही. कंपनीनं घातलेला जुना पडदा आला, गणितं करायचा. ऑफिसातला कॅल्क्युलेटर बिघडला होता, म्हणून क्लार्क येऊन हा घेऊन गेले. कुंकू अजून बटणांच्या फटीत आहे आणि त्याखाली पीठ. बेरीज बरोबर येते.